लिंक दाबण्याआधी

माउली, निवडणूक आली की मोबाईलवर नमस्कारांचा पूर येतो. 2024 साली आचारसंहिता लागल्यावरही ‘विकसित भारत’चे व्हॉट्सॲप संदेश येत राहिले, 21 मार्चला निवडणूक आयोगाने ते थांबवायला सांगितले. अशा प्रचारात लिंक कधी कधी प्रत्येक नंबरासाठी वेगळी असते. दाबली की कोणी, केव्हा उघडली, हे पाठवणाऱ्याला कळते.

मुक्ताईनगरहून पंढरीला जाताना दिंडीचालकही आपल्याला मोजतो. पण समोरासमोर, कोणी मागे राहू नये म्हणून. न सांगता मनाचा ठाव घेणे ही सेवा नव्हे, चोरीच. आणि न तपासता ती लिंक दिंडीच्या ग्रुपवर टाकणारे आपणही तिचे वाटेकरी. बोट टेकवण्याआधी नाम घ्यावे आणि विचारावे: हा मला काही सांगतो आहे, की माझी नोंद घेतो आहे?

रामकृष्णहरी.