उसना डाव

दिवाळीच्या सुटींत शिवथरास काकांच्या ओसरीवर झालेला एक डाव मनांतून जात नाहीं. काका जुन्या देशी वळणाचे. त्यांच्या पटावर प्यादें एका वेळीं एकच घर चालतें. त्या दिवशीं मात्र माझ्या पुतण्याच्या हट्टाखातर त्यांनीं विलायती नियम पत्करला.

दोघांनींहि राजाचें प्यादें दोन घरें पुढें केलें, घोडे निघाले आणि काकांचा उंट मुलाच्या घोड्यावर रोखला गेला. हा रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूच्या नांवाचा प्रारंभ. त्याचा ग्रंथ १५६१ सालचा. यावर काळ्यानें राजाकडील उंट आपल्या बाजूनें चौथ्या ओळींत आणणें, या प्रकारास 'क्लासिकल' म्हणजे अभिजात म्हणतात. मुलानें तेंच केलें. शिकविलें होतें मीं.

आतां पांढऱ्यानें वजिराच्या उंटापुढील प्यादें एक घर सरकवावें व मागाहून मध्य बळकवावा, हा ग्रंथमार्ग. काकांनीं वजिराचेंच प्यादें उचललें आणि जन्माच्या संवयीनें एकच घर पुढें ठेवलें. खेळी साधी, चूक मुळींच नव्हे. पण मुलगा थबकला व माझ्याकडे पाहूं लागला.

"बाळ, इतका वेळ कोण खेळत होतें?" काकांनीं विचारलें.

प्रश्न मलाच लागला. उसनें घेण्यांत दोष आहे असें मी म्हणत नाहीं. काकांचें एक घरहि पूर्वजांचेंच. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत, १८५० च्या सुमारास, कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेनशीं खेळत. एका घराची संवय त्यांनीं विलायती पटावरहि सोडली नाहीं, आणि त्या धाटणीच्या बचावांना पुढें 'इंडियन' हें नांव मिळालें. संवय वारशाची होती. परंतु बलाढ्य प्रतिपक्षापुढें तिचा जाब प्रत्येक खेळीला त्यांनाच द्यावा लागला.

जवळच्याच घळींत समर्थांनीं दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. लिहून घेणें हें हलकें काम नव्हे. पण कल्याण तेवढ्यावर थांबले नाहींत. डोमगांवास त्या शिकवणीचा भार त्यांनीं स्वतः वाहिला. मी पंचवीसांहून अधिक वर्षें वर्गांत टिपणें लिहवून घेत आलों. सॉक्रेटिसाचीं उत्तरें मुलांना पाठ झालीं. त्याचे प्रश्न मीं त्यांना विचारूं दिले काय? परीक्षा जवळ आली, ही माझी नेहमींची सबब.

मुलानें घोड्याकडे नेलेला हात आखडता घेतला. बऱ्याच वेळानें त्यानेंहि वजिराचें प्यादें एक घर सरकविलें.

"कां?" काका.

"राजाच्या प्याद्याला आधार हवा, आणि मागल्या उंटाला वाट."

"आणि घोडा जागीं खिळला तो?"

"खिळला खरा, आजोबा. पण तें पाहूनच केलें."

काकांनीं चष्मा पुसून पुन्हां डोळ्यांवर चढविला आणि ते पटावर वांकले.