गोंगाट कोणाचा?

ध्वनियंत्रांच्या व्यवसायाने आपल्या भाषेत जे शब्द आणून सोडले, त्यांत ‘नॉइज’ हा मला सर्वांत विचारार्ह वाटतो. ‘पिच’, ‘व्हॉल्यूम’, ‘टोन’ यांची आपल्याला फारशी अडचण नाही. नादाचा उच्चनीचपणा, लहानमोठेपणा आणि जाती हे तीन धर्म संगीताच्या वर्गांतून पूर्वीपासून घोकून घेतले जातात. ‘नॉइज’ला प्रतिशब्द देताना मात्र आपण अडखळतो. गोंगाट म्हणावे, तर ध्वनिमुद्रणातली ती बारीक सूं सूं गोंगाट नव्हे. खरखर म्हणावे, तर मिरवणुकीतले भिंतीएवढे कर्णे काही खरखरत नसतात. हा दोष शब्दकोशाचा नाही. हा शब्द ध्वनीचे वर्णन करतो की ऐकणाऱ्याच्या इच्छेचे, हेच मुळी ठरलेले नाही.

पदार्थविज्ञानाने ते ठरवून पाहिले होते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात नियमित कंपनांपासून स्वर आणि अनियमित कंपनांपासून गोंगाट अशी वाटणी केली. कसोटी सुटसुटीत खरी. पण तिने चर्मवाद्यांची पंचाईत केली, कारण साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. पुढे १९२० मध्ये रामन यांनी दाखवून दिले की, मृदंग-तबल्यावरील शाईच्या थरामुळे ते उपस्वर एका मेळात येतात. तबला अशा रीतीने सुटला. पण ज्या ढोलाला शाई नाही त्याचे काय? एटापल्ली-भामरागडकडील माडिया गावांत ढोलाच्या ठेक्यावर रेला रंगतो, तेव्हा हा प्रश्न तेथील नाचणाऱ्यांपुढे मांडण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

ध्वनियंत्राच्या कारागिराची व्याख्या याहून नम्र आणि म्हणूनच अधिक खरी आहे. जो ध्वनी हवा तो सिग्नल, जो नको तो नॉइज. पहिला दुसऱ्याच्या किती पट आहे यावरून यंत्राची प्रत ठरते. पण ‘हवा’ म्हणजे कोणाला हवा? ताडोब्याच्या जंगलात चितळाने भयसूचक साद घातली की वाटाड्या ‘कॉल आला’ म्हणतो आणि गाडीतली मंडळी हर्षाने सरसावून बसतात, कारण वाघ जवळ आहे. तीच साद जंगलाच्या कडेला गुरे राखणाऱ्याच्या कानी पडली, तर तो काळजाचा ठोका चुकून गुरे गोळा करू लागतो. आणि त्या रात्री कोणी केवळ झोपेच्या आशेने पडला असेल, तर त्याला ती नुसती कटकट. कंपनसंख्या तिघांसाठी एकच.

हा केवळ शब्दच्छल असता तर मी वाचकांचा वेळ घेतला नसता. पण या शब्दाला आता कायद्याचे बळ मिळाले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आणि बंदिस्त जागा वगळता रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपकास मनाई केली. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानाची कापणी होऊन दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते; दिवसा बाजार, रात्री नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या गाड्या भरून निघतात, उघड्या मैदानात तंबू उभा राहतो, रंगमंचावर माईक लोंबू लागतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात. हजारोंच्या त्या समुदायाला जो सिग्नल, तो कागदोपत्री दहा वाजून एक मिनिटाने नॉइज होतो.

येथे संस्कृतीचा झेंडा फडकावून मोकळे होणे सोपे आहे, आणि पुष्कळ लेखक तसे करतातही. मला ते पटत नाही. शहरातल्या वरातीत छाती हादरविणारे कर्णे लावणाराही संस्कृतीचेच नाव घेतो. शिवाय नाटकाच्या गावातही एखाद्या घरी आजारी माणूस तळमळत असतो, एखादी मुलगी परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेली असते. ती घरे थोडी आहेत म्हणून त्यांची झोप हलकी ठरत नाही. अशांना कोणी पुसत नाही, म्हणून तर आकड्याची गरज पडली. डेसिबल पाटलाला भीत नाही आणि बहुमतालाही भीत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय.

मात्र आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. प्रश्न दोन आहेत आणि ते आपण एकाच शब्दात कोंबले आहेत. पहिला अपायाचा. कानाच्या पडद्याला आवडनिवड कळत नाही. आवडते नाट्यगीतही अतोनात मोठे आणि दीर्घकाळ ऐकले तर बहिरेपणा आणील. डेसिबलचे प्रमाणही असे की, दहाने वाढ झाली म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट झाली. माईकवाला खुंटी पिळताना एवढे ध्यानी घेईल तर बरे. या प्रश्नात मतदानाला जागा नाही. मोजावे आणि आवरावे. दुसरा प्रश्न नकोसेपणाचा, आणि तो मोजून सुटत नाही, कारण नकोसेपणाला नेहमी कोणी तरी धनी असतो. त्या धन्याला गाठूनच तो सोडवावा लागतो. कर्ण्यांची तोंडे तंबूच्या आत वळविता येतात, तंबू वस्तीपासून दूर ठोकता येतो, आजाऱ्याच्या घरी आधी जाऊन विचारता येते. हे काम गावच करू शकते. यंत्र करू शकत नाही.

२००२ च्या दुरुस्तीने शासनाला उत्सवप्रसंगी सवलत देण्याचा अधिकार दिला: वर्षातून फार तर पंधरा दिवस, आणि तेही रात्री बारापर्यंत. झाडीपट्टीत आज या गावची मंडई, तर उद्या शेजारच्या गावची. एकमेकांकडे जाता यावे म्हणून तारखा मुद्दाम निरनिराळ्या धरलेल्या असतात. ते पंधरा दिवस कोणत्या गावाच्या नावाने धरायचे? आणि बारा वाजता तर नाटकाचे निम्मे अंकही झालेले नसतात.