पोहे, कॉफीचा ट्रक आणि मैत्री



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८० आणि ८१. म्हणजे लहानपणापासून ऐकलेली सुदाम्याची गोष्ट.

खरं सांगतो, पोथी उघडली तेव्हा डोक्यात भलतंच चालू होतं. आदल्या रात्री बायकोबरोबर एक कोरियन सिरीज बघत होतो. तिने तिकडची एक पद्धत सांगितली. एखाद्या कलाकाराचं शूटिंग चालू असलं की त्याचा मित्र, तोही कलाकारच, सेटवर कॉफीचा ट्रक पाठवतो. अख्ख्या युनिटला फुकट कॉफी. ट्रकवर मोठा बॅनर, त्यावर फोटो आणि शुभेच्छा. मग ट्रकसमोर उभं राहून फोटो काढायचा, इन्स्टाग्रामवर टाकायचा आणि मित्राचे आभार मानायचे. कॉफी युनिट पितं, पण बातमी सगळीकडे पोचते.

हे फक्त कॉफीपुरतं नाही. बीटीएसमधला व्ही आणि अभिनेता पार्क सो-जून 'ह्वारांग' मालिकेत एकत्र होते, तिथे दोस्ती जमली. २०२० मध्ये सो-जूनच्या 'इतेवॉन क्लास'साठी व्हीने गाणं गायलं. २०२२ मध्ये हे दोघं आणि आणखी तीन मित्र सुट्टीला गेले, तर त्या सुट्टीचीच ४ भागांची मालिका झाली. थायलंडमध्ये मालिकेत गाजलेली जोडी मालिका संपली तरी जाहिराती आणि चाहत्यांचे कार्यक्रम जोडीनेच करते. आपल्याकडेही 'आरआरआर'मधलं 'दोस्ती' गाणं आलं ते १ ऑगस्ट २०२१ ला, नेमकं फ्रेंडशिप डेच्या दिवशी. पुढे प्रमोशनमध्ये एनटीआर आणि रामचरण यांची पडद्याबाहेरची मैत्री हा ठरलेला विषय झाला.

मग ही सगळी मैत्री खोटी का? असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला काय ठाऊक? आणि मित्राच्या कामासाठी मित्र उभा राहिला, यात वाईट ते काय? सुदामाही काही नुसता भेटायला निघाला नव्हता. घरात दाणा नाही, म्हणून बायकोने त्याला द्वारकेला पाठवलं होतं. म्हणजे मैत्री उपयोगी पडणं हा दोष नाही.

मग खटकतं काय? उत्तर मला महाभारताच्या आदिपर्वात सापडलं. द्रोण आणि द्रुपद एकाच आश्रमात वाढलेले मित्र. पुढे द्रोणाच्या घरी लेकराला द्यायला दूध नाही, तेव्हा तो राजा झालेल्या द्रुपदाकडे गेला. द्रुपदाने त्याला ऐकवलं की मैत्री बरोबरीच्या लोकांत होते, राजा आणि दरिद्री यांच्यात नाही.

प्रमोशनचा नियम हाच तर आहे! ट्रक एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जातो, कारण दोघांचेही चाहते एकमेकांना मिळतात. ज्याच्याकडे चाहतेच नाहीत, अशा जुन्या मित्रासाठी बॅनर कोण छापणार? कदाचित त्यालाही कोणी कॉफी पाठवत असेल, पण ती आपल्याला दिसत नाही. जी दिसते तिच्यावर द्रुपदाचा शिक्का असतो. आणि रोज तेवढीच बघून आपल्यालाही वाटायला लागतं की मैत्री म्हणजे हेच.

आता माझी गोष्ट. नोकरी सांभाळून मी एक छोटं ॲप बनवलं होतं. लाँचच्या दिवशी सगळ्या कॉन्टॅक्ट्सना मेसेज टाकला, "भावा, ५ स्टार दे ना." हॉस्टेलच्या रूममेटलाही गेला. दोन वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. त्याने दहा मिनिटांत रेटिंग दिलं, वर चार ओळींचा झकास रिव्ह्यूही लिहिला. मी एक थम्ब्स-अप पाठवला आणि पुढच्या नावाकडे वळलो. महिन्याभराने दुसऱ्याकडून कळलं, त्याची नोकरी जाऊन सहा महिने झाले होते. मी साधं "कसा आहेस?" एवढंही विचारलं नव्हतं. कोरियातल्या बॅनरवर बोलायचा मला काय हक्क?

म्हणून आज अध्याय ८१ वाचताना अडखळलो. कृष्णाने सुदाम्याच्या पुरचुंडीतले पोहे हिसकावून खाल्ले, पण निरोप देताना हातावर काहीच ठेवलं नाही. ना घोषणा, ना सभेत सत्कार. सुदामा रिकाम्या हाताने, तरीही आनंदात परतला. धन मिळालं तर मी देवाला विसरेन, म्हणूनच त्याने दिलं नसेल, असं स्वतःला सांगत. घरी पोचल्यावर बघतो तर झोपडीच्या जागी वाडा! देणाऱ्याने आभार मानायची संधीसुद्धा ठेवली नव्हती.

रूममेटला परवा फोन केला. पहिली दोन मिनिटं तो वाट बघत होता, याचं आता काय काम आहे म्हणून. ती दोन मिनिटं मला फार जड गेली. मग हळूहळू बोलायला लागला.

आजचा संकल्प: ज्याच्याकडून आपल्याला काहीही नको आहे, अशा एका जुन्या मित्राला आज फोन करायचा. आणि त्याची स्टोरी टाकायची नाही!

राम कृष्ण हरी.