आत वाढवलेले रोप

शास्त्रपाठ : मार्क ६:७-१३, ३०-३१



थंड देशांतील बागवान हिवाळा सरेपर्यंत स्वस्थ बसत नाहीत. उत्तर अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मे महिन्यापर्यंत रात्री दव गोठण्याची भीती असते, आणि टोमॅटोच्या कोवळ्या रोपाला अशी एक रात्रही पुरते. म्हणून ती भीती टळण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी ते घरातच, उबेत, लहान डब्यांतून बी पेरतात. ग्वाल्हेरकडील आपल्या बंधुभगिनींना जानेवारीतील गारठा ठाऊक आहे. त्यांना ही काळजी सहज समजेल.

ज्यांना अंगण नाही ते ठेंगण्या जातीचे टोमॅटो लावतात. अमेरिकेतील क्रेग लेहूलियर व ऑस्ट्रेलियातील पट्रिना नस्की स्मॉल यांनी २००५ च्या सुमारास हौशी बागवानांना हाताशी धरून अशा नव्या जाती तयार करण्याचे काम आरंभिले, आणि आज त्या शंभराहून अधिक आहेत. झाड दोन ते चार फूट उंच, खोड जाड, पाने सुरकुतलेली. २० लिटरच्या कुंडीत ते सुखाने राहते, आणि फळ मात्र मोठ्या झाडासारखेच भरदार देते.

आपल्या कित्येक मंडळ्या अशाच कुंडीतल्या आहेत. स्वभाषेच्या विस्तीर्ण शेतापासून दूर, परप्रांतातील शहरात दहा-वीस कुटुंबे, रविवार शाळेत पाच-सात मुले. पण ठेंगणे म्हणजे हलके नव्हे. आपली चूक निराळ्याच ठिकाणी होते.

खोलीत वाढलेले रोप हिरवेगार दिसते, पण त्याला वारा ठाऊक नसतो. ते एकदम उन्हात ठेवले तर पाने पांढरी पडून करपतात. म्हणून जाणता बागवान पहिल्या दिवशी त्याला तासभर सावलीत ठेवतो व परत आत आणतो. दुसऱ्या दिवशी थोडा अधिक वेळ, मग थोडे ऊन, थोडा वारा. असे सात ते दहा दिवस गेल्यावरच ते कायमचे बाहेर जाते. याला रोप काटक करणे म्हणतात.

आम्ही हे किती वेळा केले? आमच्या मुलांनी वचने पाठ केली, बक्षिसे मिळविली, नाताळच्या नाटुकल्यात देवदूत झाली. मग एके दिवशी ती परगावच्या वसतिगृहात गेली, आणि वर्षभरात उपासनेला जाईनाशी झाली. आम्ही म्हणालो, "जगाचे वारेच वाईट." वाऱ्याचा दोष काय? त्यांना आम्ही कधी दारापर्यंतही नेले नव्हते.

प्रभू येशूने असे केले नाही. त्याने बारा जणांना जवळ ठेवून शिकविले, पण तेथेच ठेवले नाही. शिक्षण पुरे होण्याआधीच त्याने त्यांना दोघे दोघे असे गावोगाव पाठविले. ते परत आले, केलेले व शिकविलेले सर्व त्याला सांगितले, आणि त्याने त्यांना विसाव्यासाठी एकांती नेले. बाहेर जाणे, परत येणे, सांगणे, विसावणे : प्रभूने आपली रोपे अशी काटक केली.

रविवार शाळेच्या शिक्षकांनो, मोठ्या मुलांना आजाऱ्यांच्या भेटीस सोबत न्या. घरगुती प्रार्थनासभेत त्यांना शास्त्र वाचावयास द्या. कॉलेजातील मित्र विचारतात ते अवघड प्रश्न त्यांना वर्गात निर्भयपणे मांडू द्या. आणि ती परत आली की विचारा, "काय झाले ते सांग." हे विचारणे विसरू नका.

बाहेर गेल्यावरही कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते. त्याची माती थोडी, ती लवकर सुकते. परगावी गेलेल्या आपल्या लेकरांची मुळेही थोड्याच मातीत असतात. त्यांच्यातील एकाचे तरी नाव आज आपल्या प्रार्थनेत असो, आणि या आठवड्यात त्याला आपला एक फोन जावो.

ज्या प्रभूने आपल्या शिष्यांना पाठविले व परत जवळ घेतले, तो आपल्या मुलांना बाहेरच्या उन्हात उभे राहण्याचे बळ देवो, आणि आपणांस त्यांना बाहेर नेण्याचे धैर्य देवो. आमेन.