पाहणाऱ्याचे पाप-पुण्य

रस्त्यावर अपघात झाला की घोळका जमतो, आणि त्या घोळक्याविषयी आपण सारेच नाके मुरडतो. 'नुसते बघत उभे राहिले' हा आपल्याकडे मोठा दोषारोप आहे. बघणे आणि करणे यांत करणे श्रेष्ठ, हे आपण गृहीतच धरून चालतो. आता, आपल्याच मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी बसले आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो, आणि मान मिळतो तो पाहणाऱ्याला. पण तो पक्षी फार मोठ्या कामावर नेमलेला होता. शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरत असताना पट्टी घेऊन पाण्याची उंची मोजणाऱ्या माणसाने त्या पक्ष्याकडे बोट दाखवले, तर शेजारी ते ऐकून घेईल असे मला वाटत नाही. तरीही असा माणूस असतो, असावा लागतो, आणि त्याच्या पाप-पुण्याचा हिशेब दिसतो तितका सोपा नाही.

माझ्या डोक्यात हा हिशेब शिरला तो 1998 च्या जानेवारीत. त्या सुमारास मी नोकरीनिमित्त कॅनडात, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, कॉर्नवॉल शहराजवळच्या एका लहान गावी बिऱ्हाड करून होतो. 5 जानेवारीच्या सुमारास तिथे पाऊस लागला. हिवाळ्यात तिकडे हिम पडावे. पाऊस पडला, आणि पडला तो गोठत पडला. आपल्याकडच्या गारा आकाशातच घट्ट होऊन खाली येतात. हा प्रकार निराळा. वर दक्षिणेकडून आलेल्या उबदार हवेचा थर असतो. त्यात हिम वितळून त्याचे पाणी होते. खाली जमिनीलगत शून्याखालच्या थंड हवेचा पातळ थर असतो. त्यातून पडताना थेंब गारठून शून्याखाली जातो, पण गोठायला त्याला सवड मिळत नाही. मग फांदी, तार, छपराची कड, जे काही पहिले लागेल त्याला स्पर्श होताक्षणी तो तिथेच काचेसारखा जडून बसतो. एरवी हा खेळ काही तासांत आटोपतो. परंतु सेंट लॉरेन्सचे खोरे ईशान्येची थंड हवा पन्हळीतून आणावी तशी सारखी आणीत राहिले, वरून दक्षिणेची ओल येतच राहिली, आणि पाच-सहा दिवसांत मिळून ऐंशी तासांहून अधिक काळ हा पाऊस पडला. मॉन्ट्रियलला सुमारे 100 मिलिमीटर, ओटावाला 85, आमच्या कॉर्नवॉलकडे 108.

आकडे वाचताना काही वाटत नाही. आमच्या कोकणात एवढा पाऊस एका दुपारी पडतो आणि लोक भजी तळतात. पण हे पाणी वाहून जात नव्हते. अर्ध्या इंचाचा थर बसला की दोन खांबांमधल्या तारेवर सव्वादोनशे किलोंचा भार पडतो म्हणतात. तिथे थर त्याच्या कितीतरी पुढे गेला. विजेचे हजारांहून अधिक पोलादी मनोरे गुडघ्यात वाकून कोसळले, लाकडी खांब तीस हजारांवर मोडले, आणि चाळीस लाखांच्या आसपास माणसे ऐन जानेवारीत अंधारात आणि थंडीत बसली. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला काही घरांत महिना उलटला तरी दिवा लागला नव्हता. लष्कराचे पंधरा हजारांहून अधिक जवान फांद्या तोडायला आणि म्हाताऱ्यांना उचलून निवाऱ्यात न्यायला उतरले. माणसे मेली. काही थंडीने मेली, आणि काही ऊब मिळावी म्हणून बंद घरात शेगडी किंवा जनरेटर लावून त्याच्या विषारी धुराने. मेपलची झाडे, ज्यांच्या रसाचा पाक करून तिकडची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या जगली, ती मधोमध उभी चिरली. रात्रभर फांद्या तुटत, आणि प्रत्येक वेळी बंदुकीचा बार काढल्यासारखा आवाज होई.

आमचे घर विजेवर तापणारे. ते दुसऱ्याच रात्री निरुपयोगी झाले. शेजारी एक निवृत्त शाळामास्तर आणि त्यांची बायको राहत. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती. त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे मी, पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा, सरळ आपल्या घरी नेले. मी या गृहस्थांना मनातल्या मनात गुरुजीच म्हणत असे, येथेही तेच म्हणतो. गुरुजी वीसेक वर्षे रोज सकाळी सात वाजता आपल्या परसातले तापमान आणि पर्जन्यमापकातले पाणी वहीत नोंदवीत आणि तो आकडा हवामान खात्याला कळवीत. पगार नाही, मानधन नाही. कॅनडा-अमेरिकेत असे लोक गावोगाव आहेत. अमेरिकेत तर 1890 च्या कायद्यापासून याची व्यवस्थाच आहे, आणि आठ हजारांहून अधिक माणसे तिच्यात आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रिजहॅम्प्टनचा रिचर्ड हेंड्रिक्सन नावाचा शेतकरी 1930 मध्ये अठरा वर्षांचा असताना नोंदी करू लागला आणि चौऱ्याऐंशी वर्षे करीत राहिला. आपल्याकडे इतकी वर्षे नेमाने कोणी काही केले तर त्याचे देऊळ होते.

त्या आठवड्यात गुरुजी सातच्या नोंदीवर थांबले नाहीत. दर दोन तासांनी ते बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून बाहेर जात आणि ठरलेल्या एका फांदीवरचा बर्फ पट्टीने मोजत. या मोजण्यात एक मोह असतो, तो त्यांनी मला समजावून सांगितला. वाऱ्याच्या बाजूला थर जाड बसतो, आडोशाला पातळ. खाली लोंबणाऱ्या बर्फाच्या सुया धरल्या तर आकडा भलताच फुगतो. म्हणून सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ अशा दोन्ही जागा मोजायच्या, त्यांची सरासरी काढायची, त्यातून फांदीची स्वतःची जाडी वजा करायची आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. "जाड बाजू सांगितली तरी मी खोटे बोललो असे होत नाही," ते म्हणाले, "म्हणूनच ती सांगायची नाही."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. सत्य लपवणारी माणसे थोडी; सत्याची जाड बाजू तेवढी सांगणारी माणसे आपण सगळेच.

आणि या मोजण्याला उपयोग नव्हता असेही नाही. रडारला आकाशातला पाऊस दिसतो. तो जमिनीवर येऊन फांदीला चिकटला की ओघळून गेला, हे दिसत नाही. तो निर्णय अर्ध्या अंशावर असतो, आणि तो पाहायला फांदीजवळ माणूसच उभा लागतो. तेव्हा गुरुजींचे पाहणे हे काम होते, ही गोष्ट मी मान्य करतो. प्रश्न त्याच्या पुढे आहे.

तिसऱ्या दिवशीच्या सकाळी गुरुजींची बायको म्हणाली, की पलीकडच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या धुराड्यातून काल संध्याकाळपासून धूर दिसत नाही. त्यांच्याकडचे सरपण संपले असावे, थोडे नेऊन द्या. सातला पाच कमी होते. गुरुजी म्हणाले, "आधी नोंद घेतो." बाई संतापल्या. "ती पट्टी ठेव, आणि आधी लाकडे ने!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "लाकडे कोणीही नेईल. ही फांदी मी मोजली नाही तर कोणीच मोजणार नाही." आणि ते फांदीकडे गेले. दहा मिनिटांत परत आले, मग आम्ही दोघांनी मिळून घसरगाडीवर लाकडे लादून नेली. त्या बाई स्वयंपाकघरात दोन कोट अंगावर चढवून बॅटरीवरचा रेडिओ ऐकत बसल्या होत्या. सुखरूप होत्या. आम्हांला पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला तो मांजर बाहेर दिसले का, असा.

आता या दहा मिनिटांचे काय करायचे? सर्वांत सोपा निकाल असा, की बाई सुखरूप सापडल्या, तेव्हा काही बिघडले नाही. हा निकाल मला मान्य नाही. बाई सुखरूप आहेत हे सातला पाच कमी असताना कोणालाच ठाऊक नव्हते. त्या गारठून पडलेल्या सापडल्या असत्या तर आपण गुरुजींना निर्दय म्हटले असते; आणि गुरुजींनी तर दोन्ही प्रसंगी तेच केले असते. एकाच कृत्याला नशिबाने वाचवले तर निर्दोष आणि नशिबाने दगा दिला तर घोर म्हणायचे, हा न्याय नव्हे. कृत्य तोलायचे ते करतेवेळच्या अंधारात.

तसे तोलले तर गुरुजींच्या वाक्यातला अर्धा भाग खरा ठरतो. लाकडे मीही नेऊ शकलो असतो. फांदी मोजण्याची रीत त्या घरात एकट्या त्यांनाच येत होती. परंतु हा युक्तिवाद फार निसरडा आहे. ज्याला म्हणून एखादे खास काम येते, त्या प्रत्येकाला तो उपलब्ध आहे. कवी म्हणेल, कविता मीच लिहू शकतो, दळण कोणीही आणील. आणि मग वर्षानुवर्षे दळण आणणारे ते 'कोणीही' म्हणजे घरातली एकच बाई असते. शिवाय नोंदवहीत उशिराच्या नोंदीला जागा असते. सात ऐवजी 'सात वाजून पंचवीस' असे खरे लिहिले असते तर शास्त्राचे फारसे बिघडले नसते. माझा कौल असा की लाकडे आधी. गुरुजींना हा कौल मी त्याच संध्याकाळी ऐकवला. ते म्हणाले, पंचवीस मिनिटांत ती फांदीच तुटली असती तर? आणि खरोखरच, दुसऱ्या दिवशी ती तुटली.

याहून अवघड प्रश्न त्यांच्या आनंदाचा आहे. चौथ्या दिवशी मोजून आत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होते ते शेगडीचे नव्हते. "या वहीत असे पान आजवर नाही!" ते म्हणाले, आणि लगेच बायकोकडे पाहून ओशाळले. आणखी पडावा, विक्रम व्हावा, असे त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्यात होते, आणि ते आम्हा सर्वांना दिसले. दुर्मीळ रोग सापडला की डॉक्टरच्या डोळ्यांत हीच चमक येते. लढाईची बातमी आणणाऱ्या वार्ताहराच्याही. ही चमक रोग्याने पाहू नये एवढेच. ती पाप आहे का? मला तसे म्हणवत नाही. त्यांच्या इच्छेने एक थेंबही जादा पडणार नव्हता. मात्र इच्छा निरुपद्रवी राहते ती पेन्सिलीला शिवत नाही तोवर. विक्रम व्हावा असे मनापासून वाटत असताना ज्याने पातळ बाजूही मोजली, त्याचा आकडा मला कोरड्या मनाच्या माणसाच्या आकड्याहून अधिक विश्वासाचा वाटतो. कोरड्याला कशावर मात करायची होती?

आणि सौंदर्याचे म्हणाल तर ते होतेच. एका दुपारी ढग क्षणभर फाटले आणि सारे गाव बिलोरी झाले. माझा मुलगा टाळ्या पिटू लागला. त्याला गप्प करावे असे मला वाटले नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्या-विदर्भात गारपीट झाली, तेव्हा पांढऱ्याशुभ्र शेतांची छायाचित्रे लोक हौसेने एकमेकांना दाखवीत होते, आणि त्याच गारांखाली गहू, हरभरा, द्राक्षे झोपली होती. तिथेही पोरांनी गारा वेचून तोंडात टाकल्याच असतील. पोराचे वेगळे आणि हौशी मोठ्यांचे वेगळे, एवढा भेद मी करीन.

गारपिटीचे नाव निघाले म्हणून त्याच जातीचा, पण आपल्या मातीतला प्रश्न विचारतो. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की ती अतिवृष्टी ठरते, आणि पंचनाम्यांचे चाक फिरू लागते. मंडळ म्हणजे कितीतरी गावे. पर्जन्यमापक एका ठिकाणी. आता बहुतेक मंडळांत यंत्रे आपोआप नोंद करतात. पण हाताने नोंद होई त्या काळातला एक कारकून डोळ्यांपुढे आणा. रात्रभर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आहे. शेजाऱ्याचे सोयाबीन पाण्याखाली आहे हे त्याने स्वतः पाहिले आहे. सकाळी साडेआठला तो मापकातले पाणी नळीत ओततो आणि आकडा येतो 64.

त्याने 66 लिहावे का? दयाळू माणूस म्हणेल, लिहावे. एका रेघेने शंभर घरे तरतील. मला हा मोह गुरुजींच्या मोहाहून कितीतरी थोर वाटतो. गुरुजींना विक्रम हवा होता, याला दुसऱ्याची भाकरी हवी आहे. परंतु पुढच्या वर्षी शेजारच्या मंडळात खरोखरीचे 66 पडेल, आणि तालुक्याच्या कचेरीत कोणी तरी हसून म्हणेल, यांचे 66 आम्हांला ठाऊक आहेत. खोट्या आकड्याची किंमत नेहमी तिसराच कोणी तरी देतो, आणि तो बहुधा तितकाच गरीब असतो. म्हणून 64 च लिहावे लागेल.

पण 64 लिहून वही मिटली आणि कारकून चहाला गेला, तर तो त्या रस्त्यावरच्या घोळक्यातला. मापक एका जागी आहे आणि शेत तीन कोसांवर, हे त्याच्याइतके नेमके कोणाला ठाऊक आहे? शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पाणी किती चढले ते त्याने पाहावे, तहसीलदाराच्या नावे अर्ज लिहावा, 64 चा आकडा त्यात लपवू नये, आणि त्या अर्जाखाली पहिली सही त्याची असावी. शेजाऱ्याचा अंगठा त्यानंतर.