जवळची शाळा कोणाला जवळ?

सुरतेत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. ही यादी म्हणजे शहरात कोण कोण पोटासाठी आलं त्याची नोंदच. तेलुगू विणकर आले, लूमवर राबायला गंजामचे उडिया मजूर आले, आणि ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेनं धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात उतरली. माणसं आधी आली, शाळा त्यांच्यामागून.

शाळांचं जाळं वाढतंय की आक्रसतंय, हे आपण इमारती मोजून ठरवतो. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नातून १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना शिक्षण सक्तीचं करता येऊ लागलं. तेव्हा शाळा असणं हीच मोठी गोष्ट होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर अंतराचा हिशेब आला: केंद्राच्या नियमांत पाचवीपर्यंत १ किलोमीटर, आठवीपर्यंत ३.

पण हे अंतर कोणाच्या पायांनी मोजायचं? लिंबायतमधल्या एखाद्या खानदेशी मुलीच्या गल्लीच्या टोकाला गुजराती शाळा असली, की नियम पाळला गेला. तिच्या घरात बोलतात अहिराणी. मराठी पुस्तक हीच तिच्यासाठी एक पायरी चढण्याची गोष्ट. गुजराती पुस्तक म्हणजे आणखी एक. कागदावरचा एक किलोमीटर तिच्यासाठी बराच लांबतो.

हे जुन्या लोकांना उमगलं होतं. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं, की वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं एका भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. पुढे १९५६ मध्ये प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय घटनेतही आली, कलम ३५० क म्हणून. आकडे इतके लहान ठेवले, यात मला फार मोठी समज दिसते.

मात्र भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची संख्या स्थिर नसते. कारखान्यात मंदी आली की कुटुंब गावी परततं. जे टिकतात, त्यांतले काही धाकट्याला इंग्रजीत घालतात, आणि त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. पट घसरतो, मराठीचे वर्ग दुसऱ्या शाळेत जोडले जातात. इमारत उभीच राहते, एकूण आकड्यात काही उणं दिसत नाही. मागे उरलेल्या मुलीची शाळा मात्र गेलेली असते. म्हणून पटाची नोंद शहरभराची एकत्र न देता वॉर्ड आणि माध्यम यांनुसार दरवर्षी लोकांपुढे ठेवायला हवी, आणि वर्ग हलवण्याआधी त्या मुलीच्या घरी विचारायला हवं.