आपद्धर्म आणि सचोटी

दुरुस्तीचे दोन प्रकार आपण मानतो. पहिला जीर्णोद्धाराचा, तो पुण्यप्रद गणला जातो. उज्जयिनीचे महाकाळ मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले, याचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. दुसरा प्रकार कामचलाऊ डागडुजीचा. तिला माळव्यात ‘जुगाड’ म्हणतात, आणि म्हणताना किंचित हसतात. हे हसू न्याय्य आहे काय?

त्याच उज्जयिनीत, फ्रीगंजमधील टॉवर चौकात, चारही चाकांना जोर देणारी एक जुनी जीप नादुरुस्त होऊन उभी आहे अशी कल्पना करू. १९८७ च्या मॉडेलच्या रँगलर जीपप्रमाणे हिच्याही पुढच्या ॲक्सलचा एक दांडा दोन तुकड्यांचा आहे. एक सरकती कॉलर ते तुकडे जोडते वा सोडवते. कॉलरला फोर्क हलवतो आणि फोर्कला इंजिनाचा व्हॅक्यूम. व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली की सारे अडते. चालक गिअरचा दांडा ओढतो, पण पुढची चाके जोर घेत नाहीत.

नवा भाग मिळेपर्यंत मिस्त्रीपुढे दोन मार्ग असतात. फोर्क हाताने सरकवून, मागे लोखंडी अडणी बसवून, तुकडे कायमचे जोडून टाकावेत, हा पहिला. मग पुढचा दांडा सदैव फिरत राहतो. थोडे इंधन अधिक जाते, थोडी झीज होते. डांबरी रस्त्यावर मात्र धोका नाही, कारण पुढच्या चाकांकडे जोर पाठवणारा गिअर वेगळाच असतो व तो हवा तेव्हा सोडवता येतो. महायुद्धातील विलिस जीपचा पुढचा दांडा असाच अखंड फिरत असे. नळीचे तोंड बुजवून तुकडे सुटेच ठेवावेत, हा दुसरा मार्ग. गाडी शहरात उत्तम धावते आणि तक्रार कोणी करीत नाही.

आमच्या मते नीतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. पहिल्या डागडुजीची किंमत उघड आहे. ती रोज, थोडीथोडी, मालक स्वतः भरतो. दुसरीची किंमत दडलेली आहे. माळव्याच्या काळ्या मातीत, भर पावसाळ्यात, गाडी रुतल्यावर ती वसूल होते. आणि त्या वेळी चाकाशी मिस्त्री नसतो, विश्वासाने दांडा ओढणारा कोणी तिसराच असतो. तथापि हीच दुसरी दुरुस्ती मालकाला स्पष्ट सांगून केली असेल, तर तीही निर्दोष ठरते. उलट पहिली न सांगता केली, तर तिच्यातही खोट शिरते. कारण गाडी पुढे विकली जाते आणि घेणाऱ्याला न मागितलेली झीज पदरी पडते.

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माची स्वतंत्र चर्चा आहे. संकटात जे क्षम्य, ते संकट टळल्यावरही तसेच चालू ठेवण्याची मुभा आपद्धर्म देत नाही. अडणी लोखंडाची असल्याने आम्हांस आक्षेप नाही. ती तात्पुरती आहे हे विसरणे, किंवा दुसऱ्यास विसरू देणे, हा मात्र दोष होय. जुगाड करणारा हात कसबी असतो; त्याला हसण्याचे कारण नाही. त्या हाताने केलेले काम तोंडाने सांगितले गेले की नाही, एवढेच विचारावे.